ते पदक घोड्याच्या साजाचे नव्हे

मा. संपादक,
स. न.

गेल्या रविवारच्या पुरवणीत चीनच्या हनान प्रांतातील एर्लितोऊ येथील प्राचीन कांस्यपदकाचे छायाचित्र पाहून आनंद झाला. मात्र त्याखाली ‘घोड्याच्या साजावरील पाचूजडित पदक’ असे छापले आहे. ते दुरुस्त व्हावे, म्हणून हे पत्र.

त्यावरील खडे पाचूचे नसून पिरोजाचे आहेत. इ. स. पूर्व १७५० ते १५३० या काळातील त्या नगरात पिरोजावर काम करणारी स्वतंत्र कार्यशाळाच उत्खननात सापडली आहे. १९८१ साली मिळालेले पदक जेमतेम १४ सेंटिमीटर लांब आहे. पण त्यावर पिरोजाचे बारीक तुकडे इतके चपखल बसवले आहेत की त्यांतून वाटोळ्या डोळ्यांचे पशुमुख उभे राहते आणि धातू फक्त मधल्या रेषांपुरता दिसतो. आपण ज्याला कोंदण म्हणतो, तेच येथे चित्राची रेषा झाले आहे.

घोड्याचा उल्लेख मात्र अधिक खटकला. अशी काही पदके उत्खननापूर्वीच बाजारातून परदेशी संग्रहांत गेली होती. हार्वर्डच्या संग्रहालयाला ती ग्रेनव्हिल विन्थ्रप यांच्या संग्रहातून १९४३ साली मिळाली. ती कोठे आणि कशाशेजारी पडलेली होती याची नोंदच नसल्याने घोड्याच्या साजाचा तर्क पुढे आला. १९८१ मध्ये, आणि पुढे १९८४ व १९८७ मध्येही, एर्लितोऊच्या थडग्यांत अशी पदके मृताच्या छातीच्या जागी मिळाली, सोबत कांस्याची घंटा होती, आणि पदकांच्या दोन्ही कडांना वस्त्रावर टाचण्यासाठी छोटी कडी होती. म्हणजे हा माणसाच्या पोशाखाचा भाग होता. २००२ साली तेथेच एका सांगाड्यावर दोन हजारांहून अधिक पिरोजा तुकड्यांचा नाग-ड्रॅगन सापडला. त्याच्याही जवळ घंटा होती, आणि त्याचे मुख या पदकांवरील मुखाशी इतके मिळतेजुळते आहे की पदके त्याच आकृतीची संक्षिप्त रूपे असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात. मला स्वतःला हे मत पटते.

एवढे सारे केवळ वस्तू जागेवर, हात न लावता सापडल्यामुळे कळले. म्हणून विनंती अशी, की यापुढे प्राचीन वस्तूंच्या छायाचित्राखाली ती उत्खननात मिळाली की खरेदी केलेली आहे, आणि उत्खननातील असल्यास नेमकी कोठे व कोणत्या वर्षी मिळाली, हे एका ओळीत अवश्य द्यावे.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा