सरपंचाला कायदा, आमदाराला सूट?

गायरानावरच्या अतिक्रमणांबद्दलचा तुमचा अग्रलेख वाचला, पटला, पण त्यात निवडणुकीच्या उमेदवारांचा विषय राहूनच गेला. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 14 नुसार सरकारी जमिनीवर अतिक्रमण करणारा माणूस पंचायतीचा सदस्य राहूच शकत नाही, आणि 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने जनाबाई प्रकरणात तर सांगितलं की घरच्यांनी केलेलं अतिक्रमण सदस्य स्वतः वापरत असेल तरी पद जाणार. म्हणजे सासऱ्याने गायरानात चार पत्रे ठोकले आणि सून तिथे राहिली तर तिची मेंबरकी गेली (आणि विरोधी पॅनेलवाले मोजणीचा नकाशा घेऊन तयारच असतात!). पण आमदार-खासदारकीला असा नियमच नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्यात अतिक्रमणासाठी अपात्रता नाही, उमेदवारीच्या अॅफिडेव्हिटमध्ये सोनं, गाड्या, कर्ज, सगळं लिहावं लागतं, फक्त सार्वजनिक जमीन दाबलीय का हे कोणी विचारतच नाही. मग हेच लोक उद्या वनजमिनीचे, गायरानाचे निर्णय घेणार. निवडणूक आयोगाने त्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवावा, आणि तहसीलदाराचा दाखला सोबत जोडायला लावावा.

– एक वाचक, बीड