गोळी बंद झाली, ग्रंथी सुरू झाली नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत ‘ॲड्रिनल थकवा’ या विषयावर लेख आला. ताणामुळे ॲड्रिनल ग्रंथी दमतात, म्हणून कॉर्टिसॉल (ताणाच्या वेळी शरीराला सावरणारे त्यांचे संप्रेरक) तपासा आणि अमुक चूर्ण घ्या, हा त्याचा मथितार्थ. असा आजार अंतःस्रावशास्त्राला मान्य नाही. अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीनेही तसे स्पष्ट सांगितले आहे. या ग्रंथी खरोखर मंदावतात तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा बाहेरून घेतलेले स्टेरॉईड असते. लेखात त्याबद्दल अवाक्षर नाही.

मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या या दोन ग्रंथी, प्रत्येकी जेमतेम ४-५ ग्रॅमच्या. कॉर्टिसॉल त्या साठवून ठेवत नाहीत, हुकूम आला की ताजे बनवतात. हुकूम म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून येणारे एसीटीएच हे संप्रेरक. ते पेशीवरच्या ‘एमसी२आर’ या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटते. हा रिसेप्टर भलताच परावलंबी आहे: ‘एमआरएपी’ नावाचे छोटे प्रथिन सोबतीला नसेल तर तो पेशीच्या पृष्ठभागापर्यंत पोचतच नाही. (यांपैकी एकाच्या जनुकात दोष असलेल्या बाळाच्या रक्तात एसीटीएच भरमसाट असते, पण कॉर्टिसॉल नाही, आणि साखर घसरत राहते.) एसीटीएच चिकटले की पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, ‘स्टार’ हे प्रथिन कोलेस्टेरॉलला तंतुकणिकेच्या (मायटोकॉन्ड्रियाच्या) आतल्या पटलापर्यंत नेते, आणि तिथून विकरे पायरीपायरीने कॉर्टिसॉल घडवतात. सगळे काही मिनिटांत.

आता बाहेरून प्रेडनिसोलोनसारखी, कॉर्टिसॉलचेच काम करणारी स्टेरॉईडची गोळी आली. शरीराची रोजची कॉर्टिसॉलची गरज सुमारे ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनमध्ये भागते. त्याहून जास्त मिळू लागले की पीयूषिका हात आखडता घेते. एसीटीएच नुसते कॉर्टिसॉल बनवायला सांगत नाही. ग्रंथीचा आकार आणि तिच्यावरच्या रिसेप्टरची संख्याही तेच राखते. ते काही आठवडे आले नाही की ग्रंथीचा कॉर्टिसॉल बनवणारा भाग आक्रसतो. गोळी थांबवल्यावर एसीटीएच आधी परतते, ग्रंथी मात्र मागाहून, कधी सहा महिन्यांनी, कधी वर्षानेही. मधल्या काळात माणूस उघड्यावर असतो. साधारणपणे ३-४ आठवड्यांहून अधिक काळ रोज ४ ते ६ मिलिग्रॅमपेक्षा जास्त प्रेडनिसोलोन घेतले असेल तर हा धोका गृहीत धरावा. डेक्सामेथासोन या दुसऱ्या स्टेरॉईडची बारीक गोळी किरकोळ वाटते, पण तिचे ०.७५ मिलिग्रॅम म्हणजे प्रेडनिसोलोनचे ५, आणि पीयूषिकेवरचा तिचा दाब जास्त तास टिकतो.

पुण्यात पावसाळ्यानंतर चिकुनगुनियाची सांधेदुखी घेऊन फिरणारे कमी नसतात. कुणीतरी सांगितलेल्या ‘दुखण्याच्या पुड्या’, गुडघ्यातली वारंवारची इंजेक्शने, गजकर्णासाठी महिनोन् महिने चोळलेले क्लोबेटासॉलचे मलम, या सगळ्यांत स्टेरॉईड असू शकते, म्हणून हे सगळे त्याच हिशेबात येते. पुडीत काय आहे हे तर घेणाऱ्याला ठाऊकच नसते. दम्याचा स्टेरॉईडचा पंपही जास्त मात्रेत असेल तर त्यात मोजावा, मात्र तो आपल्या मनाने बंद करू नये. दम्याचा झटका त्याहून भयंकर.

मग होते काय? थकवा, मळमळ, वजन उतरणे, उठताना चक्कर, आणि पुन्हा सांधे दुखणे. मूळ दुखणेच उलटले असे वाटून पुडी परत सुरू होते. तपासणाराही फसू शकतो. अल्डोस्टेरॉन हे मीठ-पाणी सांभाळणारे संप्रेरक ॲड्रिनलमध्येच बनते, पण ते एसीटीएचचे नव्हे, मुख्यतः अँजिओटेन्सिन (रक्तदाब सांभाळणारे संप्रेरक) आणि पोटॅशियम यांचे ऐकते. त्यामुळे पोटॅशियमचा रिपोर्ट नॉर्मल येतो आणि ‘ॲड्रिनल ठीक आहे’ असा निष्कर्ष काढला जातो. त्वचाही काळवंडत नाही. क्षयरोगाने ग्रंथीच पोखरली असेल तर हिरड्या आणि तळहाताच्या रेषा काळ्या पडतात, कारण तिथे एसीटीएच वाढलेले असते. इथे ते घटलेले.

तपासणीबद्दल लेखाने सर्वाधिक घोळ घातला आहे. कॉर्टिसॉलचे रक्त सकाळी ८ ते ९ या वेळात द्यायचे. मध्यरात्रीच्या सुमारास ते तळाला जाते, म्हणून संध्याकाळी ‘पॅकेज’मध्ये काढलेल्या नमुन्यावरून ग्रंथी मंद आहे असे ठरवता येत नाही. प्रेडनिसोलोन चालू असेल तर बऱ्याच लॅबच्या यंत्रांना तेच कॉर्टिसॉल वाटते, म्हणून डॉक्टरांना विचारून शेवटच्या गोळीनंतर २४ तास सोडावेत. गर्भनिरोधक गोळ्यांनी कॉर्टिसॉल वाहून नेणारे प्रथिन वाढते आणि आकडा फुगतो. केसांसाठीच्या बायोटिननेही काही यंत्रे चुकतात. स्टेरॉईड सोडवताना सकाळचा आकडा १० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलीटरच्या वर असेल तर ग्रंथी सावरली असे समजतात. ५ च्या खाली असेल तर शरीराच्या गरजेपुरती मात्रा चालू ठेवून काही महिन्यांनी पुन्हा पाहतात. मधल्यांसाठी निर्णय डॉक्टरांचा. एवढे तरी पुढच्या पुरवणीत छापावे.

प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोनच्या पाकिटावर लाल रेघ असते, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री नाही. तरी जुन्या चिठ्ठीवर, नाहीतर नुसत्या नावावर पट्टी मिळते. औषध विक्रेत्यांनी निदान ‘किती दिवस घेताय?’ एवढे विचारले तरी अर्धे काम होईल. दीर्घकाळ स्टेरॉईड घेणाऱ्याला ताप आला तर मात्रा वाढवावी लागते, ती किती हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. उलट्यांमुळे गोळी पोटात ठरत नसेल तर घरी वाट पाहू नये. पाकिटात एक चिठ्ठी ठेवावी: ‘मी स्टेरॉईडवर आहे किंवा नुकतेच थांबवले आहे. बेशुद्ध असल्यास, रक्तदाब घसरल्यास किंवा शस्त्रक्रियेआधी हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम शिरेतून किंवा स्नायूत द्यावे, सोबत सलाईन.’ खाली औषधाचे नाव, मात्रा, सुरू केल्याची तारीख आणि घरच्यांचा फोन.

– शरीरक्रियाशास्त्राचे दोन अध्यापक, सदाशिव पेठ, पुणे