चौथीच्या वर्गातला मागचा बाक

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, स्किनर म्हणजे पोटच्या पोरीला पेटीत कोंडणारा ना?" तेवढ्यात तुझी एसटी आली आणि बोलणं राहिलं. हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, पेटीत उंदीर ठेवून प्राणी कसे शिकतात ते बघणारा. डी.एड.ला आम्हीही त्या पेटीतल्या उंदराची आकृती काढून पाच मार्क मिळवले नि त्याला विसरलो. निवृत्तीनंतर सवडीने वाचला.

आधी पेटीचं. त्याची धाकटी मुलगी डेबोरा १९४४ साली जन्मली. त्या वेळी ते मिनेसोटात राहत होते, तिथे थंडी कडाक्याची. बाळाला कपड्यांत करकचून गुंडाळायला नको म्हणून त्याने स्वतःच्या हाताने पाळणा केला. समोर काच, आत ऊबदार, गाळून घेतलेली हवा. बाळ नुसत्या लंगोटावर हातपाय झाडत खेळायचं. १९४५ मध्ये एका मासिकाने 'पेटीतलं बाळ' असा मथळा दिला आणि लोकांना ती उंदरांचीच पेटी वाटली. पुढे तर पोरगी वेडी झाली, तिने जीव दिला, इथपर्यंत आवई उठली. ती मात्र लंडनमध्ये चित्रं काढत होती. २००४ साली तिनेच वर्तमानपत्रात लिहून हे सगळं खोडून काढलं.

मला सांगायचंय ते याच डेबोराच्या शाळेचं. नोव्हेंबर १९५३. पालकांना वर्ग बघायला बोलावलं होतं. चौथीचा गणिताचा तास, आणि हार्वर्डचा हा प्राध्यापक मागे बसलेला. काही मुलांचं केव्हाच सोडवून झालेलं, ती चुळबुळ करतायत. काहींना पहिली पायरीच सुचेना. आणि आपलं उत्तर बरोबर की चूक, हे कुणालाच कळत नव्हतं. पेटीतल्या उंदराने कळ दाबली की दाणा तत्क्षणी पडे, म्हणून तर तो शिके. इथे मुलं वह्या तपासून येईपर्यंत ताटकळत!

थोड्याच दिवसांत त्याने एक यंत्र जुळवलं. मुलाने सरकपट्ट्या सरकवून उत्तर मांडायचं आणि मूठ फिरवायची. बरोबर असेल तर मूठ फिरते, पुढचं गणित येतं. चूक असेल तर हलतच नाही. ज्याने त्याने आपल्या चालीने जायचं.

हे वाचलं आणि मला माझ्या वह्यांचे गठ्ठे आठवले. शनिवारी घरी आणायचो, लाल शाईने तपासायचो, आठ दिवसांनी परत. पोरं शेरा बघून वही मिटायची. चुकलेली रीत तोवर पक्की झालेली. वर चुकलेल्यांना उभंही करायचो मी. शिक्षेने माणूस शिक्षा टाळायला शिकतो, असं स्किनर आयुष्यभर सांगत राहिला. माझी पोरं शेजाऱ्याचं उतरवायला शिकली.

त्याचं सगळंच पटतं असं नाही. भाषासुद्धा बक्षिसाच्या जोरावर शिकतात म्हणे! तू दीड वर्षाची असताना जे बोलायचीस त्याला बक्षीस कोण देणार होतं? १९५९ साली भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीने त्यावर चांगलंच झोडपलं त्याला. पण गडी थकला नाही. १९९० मध्ये, रक्ताचा कर्करोग झालेला असताना, मरणाच्या आठ दिवस आधी भरसभेत बोलला.

तुझ्या चौथीत मुलं किती ते कळव. आईने जुन्या लग्नपत्रिका ढीगभर साठवल्यात. त्यांची कार्डं कापतो, पुढे गणित, मागे उत्तर. भागाकारापासून सुरू करू का?

तुझा,
बाबा