समुद्र ते समुद्र सायकल सहलीच्या चुकीच्या आखणीबाबत तक्रार

दिनांक : १९ जून २०२३

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

९ ते ११ जून या तीन दिवसांत आम्ही चौघांनी (मी, माझे पती, धाकटे दीर आणि जाऊ) तुमच्यामार्फत उत्तर इंग्लंडमधली व्हाइटहेवन ते टाइनमाउथ ही सायकल सहल केली. सायकली, मुक्काम, सामानाची ने-आण आणि रोजचा आराखडा, सगळं तुमचं होतं. तुमच्या मराठी माहितीपत्रिकेत ‘हौशी सायकलस्वारांसाठी’ असं ठळक छापलेलं होतं, म्हणून आम्ही नाव नोंदवलं.

नोंदणीच्या फॉर्मवर तुम्ही विचारलं होतं : आठवड्यातून किती सायकल चालवता, एका दिवसात जास्तीत जास्त किती अंतर गेला आहात, चढावर सवय आहे का. आम्ही खरं तेच लिहिलं. रविवारी पंचवीस-तीस किलोमीटर, तेही सपाट रस्त्यावर. पन्नासच्या पुढे कधीच नाही. घाट चढलेलो नाही. त्यावर तुमचा एका ओळीचा निरोप आला : ‘तीन दिवस तुम्हाला पुरेसे आहेत.’ माझी सगळी तक्रार या एका ओळीबद्दल आहे.

पहिला दिवस जड गेला, पण निभावला. व्हाइटहेवनच्या धक्क्यावर प्रथेप्रमाणे मागचं चाक समुद्राच्या पाण्यात बुडवून निघालो आणि व्हिनलॅटरची खिंड ओलांडून संध्याकाळी केझिकला पोहोचलो. ही खिंड ३१८ मीटरवर आहे. दमलो होतो, तरी खूश होतो.

दुसऱ्या दिवशी मात्र तुमच्या तक्त्यात केझिक ते अ‍ॅलनहेड्स असं लिहिलं होतं, ८० किलोमीटरच्या वर. पुढे फक्त किलोमीटरचा रकाना. चढाईचा रकानाच नाही. पेनरिथ मागे टाकून ईडन नदीच्या खोऱ्यात उतरलं की समोर हार्टसाइडचा डोंगर उभा राहतो. माथा ५८० मीटरवर. खोऱ्यातून तिथवर साडेचारशे मीटरहून जास्त चढायचं. आणि हे सगळं दुपारी, पाय आधीच थकलेले असताना. सायकल चालवणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं की सपाटीवरचे दहा किलोमीटर आणि डोंगरावरचे दहा किलोमीटर यांची बरोबरी होत नाही. मग तुमच्या तक्त्यात ते एकसारखे कसे?

त्यात सायकली. पुढचं सर्वांत लहान चक्र ३४ दात्यांचं आणि मागचं सर्वांत मोठं २८ दात्यांचं. म्हणजे सगळ्यात हलक्या गिअरवरही पायडलच्या एका फेरीत चाक एका फेरीहून जास्त फिरणार. सराईत माणसाला ते चालेल. आमच्यासारख्यांना उभ्या चढावर मागचं चक्र पुढच्याहून मोठं लागतं, नाहीतर उतरून सायकल ढकलण्यावाचून गत्यंतर नसतं. आम्ही हार्टसाइडचा निम्मा चढ चालतच चढलो.

माथ्यावरचं मला सगळ्यात जास्त लागलं. तुमच्या पुस्तिकेत लिहिलं आहे : ‘हार्टसाइडच्या माथ्यावरील कॅफेत जेवण व पाणी मिळेल.’ तो कॅफे मार्च २०१८ मध्ये आगीत जळाला. आम्ही रिकाम्या बाटल्या घेऊन वर पोहोचलो तेव्हा तिथे काहीही नव्हतं. ऊन कडक होतं. जावेला चक्कर येत होती. तिथे थांबलेल्या एका मोटारसायकलवाल्याने स्वतःजवळचं पाणी दिलं, त्याचे उपकार विसरणार नाही. पाच वर्षांत ही एक ओळ बदलावी असं तुमच्याकडे कुणालाच वाटलं नाही?

पुढचा उतार सुखाचा होता, पण गॅरिगिलनंतर पुन्हा उभा चढ, नेंटहेड, आणि मग ब्लॅक हिल, म्हणजे ६०९ मीटर, हार्टसाइडपेक्षाही उंच. नेंटहेडला संध्याकाळचे सात वाजून गेले होते आणि जावेचा गुडघा सुजला होता. तिथेच राहावं असं वाटत होतं, पण सामान तुम्ही सकाळीच अ‍ॅलनहेड्सला पोहोचवलेलं आणि खोलीही तिथलीच. तुमचा आपत्कालीन नंबर तीनदा लावला. तिन्ही वेळा ध्वनिमुद्रित संदेश. शेवटी सायकली मावतील अशी मोठी टॅक्सी मिळवून, पदरचे ९५ पौंड देऊन पोहोचलो.

तिसऱ्या दिवशी जाऊ सायकलवर बसू शकली नाही. आम्ही तिघं स्टॅनहोपवरून क्रॉलीसाइडचा खडा चढ चालत पार करून वॉस्कर्ली वेला लागलो. जुन्या रेल्वेमार्गावरची ती वाट इतकी देखणी आणि सोपी आहे की दर थोड्या वेळाने जावेची आठवण येत होती. हा भाग खरोखर तिच्यासाठीच होता. टाइनमाउथला आम्ही पुढची चाकं समुद्रात बुडवली. सहा महिने सगळ्यात उत्साहाने तयारी केलेली ती, सामानाच्या गाडीतून येऊन काठावर उभी होती.

पश्चिमेकडून पूर्वेकडे जायचं, म्हणजे वारा बहुतेक पाठीशी राहतो, हे तुम्ही योग्य ठरवलंत. खोल्या स्वच्छ होत्या. हा मार्गही १९९४ पासून खुला आहे, त्याचे चढ काही गुपित नाहीत. आमच्यासारख्यांना पाच दिवस द्यायला हवे होते : केझिक, मग लँगवथबी, तिसऱ्या दिवशी सकाळी ताज्या पायांनी हार्टसाइड आणि गॅरिगिलला मुक्काम, चौथा स्टॅनहोप, पाचवा समुद्र. तुम्ही पाच दिवस सांगितले असते तर आम्ही जादा पैसे आनंदाने भरले असते.

माझ्या मागण्या अशा : टॅक्सीचे ९५ पौंड आणि जावेच्या तिसऱ्या दिवसाचे पैसे परत मिळावेत. पुस्तिकेतला कॅफेचा उल्लेख आजच काढावा आणि तक्त्यात रोजची चढाई मीटरमध्ये द्यावी. ‘तीन दिवस पुरेसे आहेत’ हे आमचा फॉर्म वाचून कुणी लिहिलं की न वाचता, याचं लेखी उत्तर मला हवं आहे. टॅक्सीची पावती, फॉर्मची प्रत आणि तुमचा निरोप सोबत जोडले आहेत. पंधरा दिवसांत उत्तराची वाट पाहते.

आपली,
एक ग्राहक
(चौघांच्या वतीने)