तारखांची वही ठेवणाऱ्या आमच्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

हे पत्र तुम्हाला एकटीला पाठवता आलं असतं. सगळ्यांसमोर लिहितेय ते मुद्दाम. सोलापुरात, बार्शीत, पंढरपुरात, अक्कलकोटात बी.एस्सी. करणाऱ्या कितीतरी मुलामुलींना आजही वाटतं, की संशोधन ही पीएच.डी.ला लागल्यावरची गोष्ट. पदवीची पुस्तकं हातात असतानाच कुणी आपल्याला मोठ्या प्रयोगशाळेत बोलावतं, गाडीभाडं देतं, वर विद्यावेतनही देतं, हे त्यांच्या कानावरच येत नाही. माझ्या कानावर ते तुमच्यामुळे आलं, आणि मुदत संपायच्या आत आलं.

स्टाफरूममधल्या तुमच्या टेबलावर ती हिशेबाची लांब वही असायची. एका पानावर एक योजना: अर्ज कधी निघतो, कधी बंद होतो, कोणत्या वर्षाच्या मुलांना चालतो, सोबत काय काय लागतं. मागच्या वर्षीची तारीख खोडलेली आणि शेजारी लाल शाईने नवी. किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजनेच्या पानावर तुम्ही आडवी रेघ मारून लिहिलं होतं, '२०२२पासून बंद, इन्स्पायरमध्ये विलीन.' १९९९पासून चालत आलेली ती विज्ञानाची शिष्यवृत्ती बंद होऊन केंद्र सरकारच्या 'इन्स्पायर' शिष्यवृत्तीत मिसळल्यावरही मुलं तिच्याबद्दल विचारत येत, म्हणून ते पान तुम्ही फाडलं नाहीत. कोणीही यावं, वही उघडावी, उतरवून घ्यावं. कुलूप नाही की परवानगी नाही. 'मुलं मे महिन्यात विचारायला येतात गं, तोवर सगळं वाटून झालेलं असतं,' असं तुम्ही म्हणायचात. आणि म्हणूनच दिवाळीच्या सुट्टीआधी वर्गात येऊन ते पान मोठ्याने वाचून दाखवायचात.

मी ज्यातून गेले ते पान तीन अकादमींचं होतं. बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी या तिघी मिळून दर वर्षी उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. दोन महिने एखाद्या संशोधकाच्या हाताखाली त्यांच्याच प्रयोगशाळेत काम करायचं. ती विद्यार्थ्यांना मिळते तशी शिक्षकांनाही मिळते, आणि तुम्ही स्वतः ती करून आला होता. त्यामुळे तुम्ही सांगत होता ते माहितीपत्रकातलं नव्हतं. अर्जातलं कोणतं टिपण निवडणारे खरंच वाचतात, हे तुम्हाला आतून माहीत होतं.

त्या टिपणाबद्दल इथे सविस्तर लिहिते, कारण अर्ज करणाऱ्या प्रत्येकाची गाडी तिथेच अडते. 'मला काय करायचंय' हे थोडक्या शब्दांत लिहायचं असतं. तुम्ही मला आधी लिहायला सांगितलंच नाहीत. विचारलंत, 'तुझे बाबा काय काम करतात?' बाबा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात रंगाच्या खात्यात आहेत, असं मी म्हटलं. 'मग रंगाच्या पाण्यात मीठ का टाकतात, विचार त्यांना आज.' त्या रात्री जेवताना बाबा पहिल्यांदा माझ्याशी त्यांच्या कामाबद्दल इतका वेळ बोलले. मिठाने रंग पाण्यातून सुताकडे ढकलला जातो. मग सोडा घालायचा, म्हणजे रंग धाग्याला पक्का बसतो. पण सगळा बसत नाही. उरलेला धुण्याच्या पाण्याबरोबर गटारात जातो, मीठही त्याच्याबरोबर. दुसऱ्या दिवशी त्यातलं रसायनशास्त्र तुम्ही फळ्यावर मांडलंत. रिॲक्टिव्ह रंगाचा रेणू सुतातल्या सेल्युलोजशी बंध करायच्या ऐवजी काही वेळा पाण्याशीच बंध करून बसतो, आणि एकदा तसं झालं की तो धाग्याला धरत नाही. आमच्या गल्लीमागच्या नाल्याचं पाणी कधी लाल, कधी निळं का असतं, याचं उत्तर त्या दोन ओळींत होतं. 'आता लिही,' तुम्ही म्हणालात. टिपण एका बैठकीत झालं.

शिफारसपत्राचंही तसंच. तुम्ही काय लिहिलं होतं, ते मला पुढे फेलोशिपसाठी बंगळुरूला गेल्यावर तिथल्या माझ्या गाईड सरांकडून कळलं. 'हुशार, होतकरू, मेहनती' अशी पत्रं ढिगाने येतात, ते म्हणाले. तुमच्या पत्रात होतं, की टायट्रेशनचं, म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण घालून मोजायच्या प्रयोगाचं, रीडिंग जुळलं नाही तर ही मुलगी जुळवून लिहीत नाही, पुन्हा करते. एवढं एक वाक्य वाचून त्यांनी माझा अर्ज बाजूला काढून ठेवला होता. प्रॅक्टिकलच्या गर्दीत, चार-चार बॅचेस सांभाळताना, तुम्ही हे पाहून ठेवलं होतंत याचं मला आजही अप्रूप वाटतं. ज्या शिक्षकांना शिफारसपत्र लिहायचं असेल त्यांनी, माझी विनंती आहे, मुलाची एखादी पाहिलेली गोष्ट लिहावी.

निवड झाल्यावर खरी अडचण घरी होती. दोन महिने परगावी, तेही मुलीला एकटीला. तुम्ही घरी आलात. आई सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत बसली होती, ती उठायला लागली तर तुम्ही 'बसा ताई, हात चालू दे' म्हणत तिच्यासमोरच जमिनीवर बसलात. आईने फेलोशिपबद्दल एक शब्द विचारला नाही. पोरगी झोपणार कुठं, जेवणार काय, रात्री कामावरून परत कोण आणणार, आजारी पडली तर? तुम्ही एकेकाचं उत्तर दिलंत. संस्थेच्या वसतिगृहात मुलींची वेगळी सोय असते, मेस आतच आहे, प्रयोगशाळा आणि वसतिगृह एकाच आवारात. शेवटी आई म्हणाली, 'तुमच्या भरवशावर पाठवलाव बघा मॅडम.' तुम्ही 'हो' म्हणालात आणि नंतर दर रविवारी तिला फोन करून तो भरवसा पाळलात. हे तुम्ही मला कधी सांगितलं नाही, आईने सांगितलं.

आणि पैसे. फेलोशिपमध्ये गाडीभाडं मिळतं, विद्यावेतन मिळतं, पण हातात पडतं नंतर. तिकीट आधी आपण काढायचं, वसतिगृहाची अनामत आधी आपण भरायची. ज्या घरात आठवड्याच्या पगारावर आठवडा चालतो, त्या घरातल्या मुलांची निवड झालेली असूनही पाऊल इथेच थांबतं. योजना आखणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की पहिली रक्कम मूल घरातून निघायच्या आधी त्याच्या खात्यात पडली पाहिजे. माझं उद्यान एक्सप्रेसचं तिकीट आणि अनामत तुम्ही भरलीत, परत कधी देणार हे न विचारता.

बंगळुरूत काय केलं, ते तुम्हाला माहीत आहे, पण इतरांसाठी थोडं. झिंक ऑक्साईडची भुकटी रंगाच्या पाण्यात घालून त्यावर प्रकाश सोडायचा आणि रंग किती वेगाने नाहीसा होतो ते मोजायचं. सुरुवात मेथिलीन ब्लू या निळ्या रंगाने. दर दहा मिनिटांनी थोडं पाणी काढायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून भुकटी खाली बसवायची, वरचं नितळ पाणी स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये, म्हणजे पाणी किती प्रकाश शोषतं ते मोजणाऱ्या यंत्रात, ६६४ नॅनोमीटर तरंगलांबीला वाचायचं. दिवा लावायच्या आधी भांडं अर्धा तास अंधारात ढवळत ठेवावं लागतं. रंग नुसता भुकटीला चिकटूनही कमी होतो, ते प्रकाशाच्या खात्यात जमा होऊ नये म्हणून. यंत्र मला नवं होतं, पण त्यामागचा नियम, रंग जितका जास्त तितका प्रकाश जास्त शोषला जातो, आपल्या कॉलेजच्या जुन्या कलरीमीटरवर तुम्ही पुन्हापुन्हा करून घेतला होता. प्रत्येक वेळी ब्लँक, म्हणजे रंग नसलेलं नुसतं पाणी, आधी घे, मग नमुना. मोठ्या शहरांतल्या कॉलेजांतून आलेल्या मुलांच्या शेजारी उभं राहताना मला बिचकायला झालं नाही ते त्यामुळे.

माझ्या एकटीचं नाही हे. बारावीला आपल्या बोर्डात वरच्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांना इन्स्पायरमधून वर्षाला ८० हजार मिळतात. त्यातले ६० हजार हातात, आणि २० हजार उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. माझ्या वर्गमैत्रिणीला शिष्यवृत्ती होती, पण त्या २० हजारांचं काय करायचं हे तिला कुणी समजावलं नव्हतं. तुम्ही तिला विद्यापीठात केगावला नेऊन गाईड मिळवून दिलात. आमच्या मागच्या एकाला तुम्ही पहिल्याच वर्षी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात पाठवलंत. तिथे २००४पासून पदवीच्या मुलांना संशोधनाची ओळख करून देणारा 'नियस' हा उपक्रम चालतो, हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. शेजारच्या एमबीबीएस करणाऱ्या ताईला आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, अल्पमुदतीची विद्यार्थी फेलोशिप सांगितलीत, जी १९७९पासून चालू आहे. बी.ए.च्या मुलीला विद्यापीठांच्या 'आविष्कार' या संशोधन स्पर्धेत उतरवलंत, कारण ती स्पर्धा फक्त विज्ञानाची नाही. भाषा, मानव्यविद्या, वाणिज्य, शेती या सगळ्यांना तिथे जागा आहे. तिने बिडी कामगार बायकांच्या पाठदुखीवर पोस्टर केलं. तुमच्या विषयाची ती नव्हती, तरी पोस्टरचा प्रत्येक शब्द तुम्ही तपासलात.

हल्ली 'पैसे भरा, इंटर्नशिपचं प्रमाणपत्र घ्या' असले मेसेज फिरत असतात. मुलं भुलतात, घरचे कर्ज काढून भरतात. तुमच्या वहीच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत आहे, 'जे आधी तुझ्याकडूनच पैसे मागतात, त्यांच्याबद्दल मला विचारल्याशिवाय काही भरू नकोस.' हे पान प्रत्येक कॉलेजच्या सूचना फलकावर लागायला हवं.

आता नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून जास्त असतील, तर चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवी घेता येते. म्हणजे तुमच्या टेबलाशी गर्दी वाढणार. आम्ही काही जुन्या विद्यार्थ्यांनी ठरवलंय, की तारखा शोधून, मूळ संकेतस्थळावर पडताळून दर महिन्याला तुम्हाला पाठवायच्या. तेवढा भार आमच्याकडे द्या.

आणि ते तिकिटाचे पैसे. मी परत करायला आले तेव्हा तुम्ही घेतले नाहीत, 'पुढच्या पोरीला दे' म्हणालात. बाबांनी त्यात स्वतःचे थोडे घातलेत. माझ्या बॅचच्या दोघांनीही घातलेत. या उन्हाळ्यात ज्या कुणाची निवड होईल, तिचं जायचं तिकीट आणि अनामत आमच्याकडून. नाव कळलं की लगेच कळवा, आरक्षण लवकर भरतं.

शिफारसपत्र मात्र तुम्हीच लिहा.

आपली विद्यार्थिनी,
बी.एस्सी. रसायनशास्त्र, सोलापूर