हातोडी धरता येत नसली तरी या, घरदुरुस्तीच्या सेवेसाठी माणसं हवीत

सगळ्यांना प्रभूच्या नावाने सलाम.

बायबलमध्ये मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात चार जण आपल्या पक्षाघात झालेल्या मित्राला खाटेसकट छपरातून येशूपुढे खाली सोडतात ते आपण लहानपणापासून ऐकतोय, पण ते उकरलेलं छप्पर नंतर कोणी बुजवलं ते काही लिहिलेलं नाही. आमच्या गटात यावर नेहमी हसतो. पण खरं सांगायचं तर आपलं काम तेच आहे, मागे राहिलेलं छप्पर नीट करायचं.

मंडळीचा, म्हणजे आपल्या चर्चचा, घरदुरुस्तीचा गट आता माणसांअभावी अडलाय. यादीत घरं वाढतायत आणि शनिवारी येणारे तेच ते पाच-सहा चेहरे. यादीतली कामं मोठी नाहीतच, गळणारा पत्रा, निसटलेली बिजागरी, उघडी वायर, ओल धरलेली भिंत, एवढंच असतं. पण एकट्या म्हाताऱ्या माणसाला शिडीवर चढता येत नाही, मजुरी परवडत नाही, आणि मागायची लाज वाटते म्हणून बादली ठेवून दिवस काढतात, मग तेच पाणी वाशांत मुरतं आणि दोन तासांचं काम अख्ख्या छपराचं होऊन बसतं.

एक कबुली देतो. सुरुवातीला आम्ही उत्साहात एका घरी ओल्या भिंतीवर थेट रंग मारून आलो, फोटोत भिंत छान दिसली आणि काही महिन्यांत सगळे पोपडे आले, कारण पाणी कुठून येतंय ते कोणी बघितलंच नव्हतं. तेव्हापासून नियम केलाय की आधी गळती शोधायची, भिंत वाळू द्यायची, मग गिलावा, रंग सगळ्यात शेवटी. पत्र्याचा बोल्ट पन्हळीच्या उंचवट्यावरच मारायचा, खोलगट भागात मारला की पाणी तिथेच साचून आत येतं, आणि कडक झालेला जुना वॉशर परत वापरायचा नाही. जुना सिमेंटचा पत्रा असेल तर तो कापायचा नाही, भोक पाडायचं नाही, त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुफ्फुसात जाते. विजेच्या कामाला फक्त लायसन्सवाला वायरमन हात लावणार. फुकटचं काम म्हणून कसंही केलेलं चालतं असं कोणाला वाटत असेल तर त्याने येऊ नये, स्पष्टच बोलतो. प्रभू स्वतः सुताराचं काम करायचा, वाकडी चौकट त्याच्या नावावर खपवू नका.

बाथरूममध्ये धरायला दांडा बसवणं हे आमचं सगळ्यात आवडतं काम. छोटंसं वाटतं, पण पाय घसरून खुबा मोडला की म्हाताऱ्या माणसाचं घरच बदलतं. बायबलच्या अनुवाद या पुस्तकात (२२:८) नवीन घराच्या गच्चीला कठडा कर असं सांगितलंय, कोणी पडून मरू नये म्हणून. म्हणजे पडण्यापासून वाचवणं हा देवाच्या नियमशास्त्रातलाच विषय आहे.

"मला काम येत नाही" हे कारण चालणार नाही. बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकातली तिसऱ्या अध्यायाची यादी वाचा, यरुशलेमचा कोट म्हणजे गावाभोवतीचा तट बांधायला सोनार होते, अत्तर बनवणारे होते, शल्लूम तर आपल्या मुलींना घेऊन आला होता, आणि ५२ दिवसांत कोट उभा राहिला. तकोवा गावातल्या बड्या लोकांनी मात्र कामाला खांदा दिला नाही, तेही तिथे नोंदवून ठेवलंय बरं का! वयाचं म्हणाल तर अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर २०१९ मध्ये ९५ व्या वर्षी, आदल्याच दिवशी पडून टाके पडलेले असताना, गरजूंसाठी घरं बांधणाऱ्या हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेच्या घरांच्या कामावर हजर होते. त्यामुळे शिडी खालून धरणारा, राडारोडा उचलणारा, चहा आणणारा, आत आजीशी गप्पा मारत बसणारा, सगळे लागतात.

गवंडी, प्लंबर, वायरमन, सुतार कोणी असाल तर महिन्यातला एक शनिवार द्या, एका कारागिराच्या हाताखाली चार नवखे शिकतात. घरात पडून असलेली शिडी, ड्रिल, थापी, लेव्हल पट्टी, उरलेले पाइप चालतील. घट्ट झालेले रंगाचे डबे नकोत, मागच्या वेळी ते टाकायलाच आमचा अर्धा दिवस गेला. पैसे दिलेत तर सामानालाच लागतील, घरागणिक हिशोब आणि बिलं मंडळीत लावतो.

घर कोणाचंही असो, ख्रिस्ती असलंच पाहिजे असं नाही. कामाच्या वेळी प्रवचन करायचं नाही, घरच्यांनी प्रार्थना करा म्हटलं तर जरूर करू. त्यांचे फोटो काढून ग्रुपवर टाकायचे नाहीत. भाड्याचं घर असेल तर आधी मालकाची लेखी परवानगी घेतो.

आणि तुमच्या ओळखीत कोणी बादली ठेवून झोपत असेल तर त्यांना विचारून आम्हाला कळवा, स्वतःचं घर असेल तरी कळवा, त्यात कमीपणा कसला.

उपासनेनंतर दाराजवळ वही ठेवलेली असते. नाव, कोणता शनिवार जमेल आणि काय येतं ते लिहा, काही येत नसेल तर "शिडी धरतो" लिहा. लांब शिडी असलेल्यांनी ते ठळक लिहा, आमच्याकडे एकच आहे आणि तिची एक पायरी डुगडुगते.