चपला काढून गच्चीवर आलेल्या वॉचमन मामांना

मामा, नमस्कार.

तुमची बदली झाल्याचं मला दुसऱ्या दिवशी कळलं. एजन्सीने तुम्हाला कुठल्या साइटवर पाठवलं, हे गेटवरच्या नव्या मुलाला माहीत नाही आणि तुमचा नंबर लागत नाही. म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. पुण्यात कुठे ना कुठे तुमच्यापर्यंत पोचेल.

परवा चंपाषष्ठीला आमच्याकडे गच्चीवरच्या वांग्यांचं भरीत झालं. अण्णा चातुर्मासात वांगं खात नाहीत. नैवेद्यासाठी राखलेली तीन वांगी त्यांनी कुणाला तोडू दिली नव्हती. पानावर बसले आणि पहिला घास घ्यायच्या आधी म्हणाले, "मामांना ताट नेऊन द्या." तुम्ही गेलात हे त्यांना तोवर मी सांगितलंच नव्हतं. सांगवत नव्हतं.

गुडघे गेल्यावर जमीन वाट्याने देऊन अण्णा आमच्याकडे आले, तेव्हापासून दिवसभर खिडकीशी नुसते बसायचे. त्यांना काहीतरी हिरवं हवं म्हणून मी मे महिन्यात आठ हजार रुपये भरून गच्चीवरच्या भाजीपाल्याचं तयार किट घेतलं. मुलं आली, बारा पिशव्या मांडल्या, फोटो काढले, गेली. जुलैत रोपं पिवळी पडली. फोन केला तर म्हणे पाणी वाढवा. वाढवलं. पुन्हा केला, तर टॉनिकची बाटली विकली. नंतर फोन उचलणंच बंद. एकही माणूस जिना चढून बघायला आला नाही, याचा राग माझा अजून गेलेला नाही. वर सोसायटीच्या मीटिंगमध्ये गच्ची गळेल म्हणून ओरड झाली आणि एकजण अण्णांच्या तोंडावर बोलला, "शेतीच करायची तर गावाला राहायचं होतं." त्या दिवसापासून अण्णांनी गच्चीवर येणं सोडलं होतं.

टाकी भरून वाहत होती त्या सकाळी मी त्यांना कसंबसं लिफ्टने वर आणलं होतं. तुम्ही व्हॉल्व्ह बंद करायला आलात. काम झाल्यावर पिशव्यांकडे वळलात आणि मध्येच थांबून चपला काढल्यात. फरशी ओली, शेवाळलेली. मी म्हटलं, "मामा, राहू द्या, घाण आहे." तुम्ही सहज म्हणालात, "पेरलेल्या रानात चपला घालून जात न्हाईत आमच्याकडं, ताई."

मामा, त्या बारा पिशव्यांना सोसायटी अडगळ म्हणत होती. मी स्वतः त्या उचलून टाकायच्या विचारात होते. तुम्ही त्यांना रान म्हणालात. मागे वळून पाहिलं तर अण्णा खुर्चीत बसल्या बसल्या पायाने आपल्या चपला बाजूला सारत होते. ते मी विसरणार नाही.

मग तुम्ही पिशवीत बोट खुपसलंत, मूठभर काढून पिळलंत, तर पाणी गळलं. "वरून कोरडं दिसतंय, खाली मुळं सडायलीत. ही माती न्हाई, नुसता नारळाचा भुसा हाय." पिशव्या फरशीला चिकटून बसल्या होत्या, भोकं बुजली होती, आणि आम्ही त्यांच्यात रोज पाणी ओतत होतो. पुढचं सगळं तुम्ही आणि अण्णांनी केलंत. खाली विटा, रंगाच्या जुन्या बादल्या, झाडलोटीत जमणारा पालापाचोळा, तांबडी माती. विटांवर ठेवल्यावर पाणी साचेना, गळतीची ओरडही आपोआप थांबली.

दुधीचं मात्र लिहायलाच हवं. बी तुम्ही गावाहून आणलेलं, गावरान, कागदाच्या पुडीत. अर्ध्या कापलेल्या निळ्या ड्रममधून वेल टाकीच्या शिडीवर चढला, पण बोटभर दुधी धरायचे, पिवळे पडून गळायचे. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं आणि आमच्या सातव्या मजल्यावर पतंग-किडे फारसे येत नाहीत, हे मला कुठून कळणार? तुमची ड्यूटी सातला सुरू व्हायची. तुम्ही पावणेसातला वर यायचात, नर फुलाच्या पाकळ्या काढून ते मादी फुलाला हलकेच टेकवायचात. मागे इवलासा लवदार दुधी असलेलं फूल मादीचं, हे माझ्या मुलीला तुम्हीच दाखवलंत. आता ती एकटी करते.

पैसे पुढे केले तर तुम्ही मेथीची एक जुडी घेतलीत, तीही मी बळेच दिली म्हणून. आमच्या शहरात गेटागेटावर असे शेतकरी उभे आहेत आणि आपण त्यांच्याशी फक्त पार्किंगबद्दल बोलतो. तुम्ही दीड वर्ष खाली होतात. टाकी वाहिली नसती तर तुमच्या गावाकडे तुमचं रान आहे, एवढंसुद्धा मला कळलं नसतं. याची मला मनापासून लाज वाटते.

सगळ्यात सरळ, देखणा दुधी तुम्ही तोडू दिला नव्हतात, बियाला राखा म्हणाला होतात. तो वेलावरच आहे. साल पिवळट व्हायला लागलीय. पार वाळून आत बिया खुळखुळायला लागल्या की अण्णा स्वतः फोडणार आहेत. पुड्या दोन बांधायच्या, असं त्यांनी आत्ताच बजावून ठेवलंय. तुमची आमच्या देवघरात असेल.

तुमची,
ए विंगमधली ताई